स्प्रे गनपर्यंत पोहोचण्याआधीचा रंग

पॅनेलवर दाणे दिसले की पहिला हात स्प्रे गनच्या नोझलकडे जातो. नोझल धुतलं जातं, हवेचा दाब वाढतो, थिनर जरा जास्त पडतो. दाणे मात्र जागचे हलत नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बहुतेक वेळा ते दाणे कित्येक दिवस आधीच ठरलेले असतात, पिगमेंट (रंगाची पूड) पाण्यात किंवा रेझिनमध्ये (फिल्म बनवणाऱ्या चिकट द्रव्यात) पडलं त्या पहिल्या अर्ध्या तासात. प्रयोगशाळेत दळण एका टेबलावर चालतं, फवारणी दुसऱ्यावर, आणि एकाच दोषाची दोन वेगवेगळी कारणं शोधली जातात. म्हणून इथे दोन्ही गोष्टी एका दमात मांडतो आहे.

टायटॅनियम डायऑक्साइडचा मूळ कण साधारण ०.२ ते ०.३ मायक्रॉनचा. पण पिशवीत तो सुटा नसतो. काही कण तयार होतानाच पृष्ठभागाला पृष्ठभाग चिकटून पक्के जुळलेले असतात, ते मिलमध्ये (दळणाच्या यंत्रात) फारसे सुटत नाहीत. बाकीचे नुसते एकमेकांना बिलगून दहा, वीस, पन्नास मायक्रॉनच्या सैल गुठळ्या करून बसलेले असतात. दळण म्हणजे या सैल गुठळ्या मोकळ्या करणं; स्फटिक फोडणं नव्हे. हा फरक डोक्यात पक्का असला की ‘अजून दोन तास मिल चालवू’ हा निर्णय आपण जरा थांबून घेतो.

आता फिल्मचा हिशेब. ओला थर ६० मायक्रॉन, रंगातल्या घन भागाचं आकारमान ४० टक्के, म्हणजे वाळल्यावर २४ मायक्रॉन. त्यात ३० मायक्रॉनची गुठळी कुठे लपणार? ती वर डोकं काढणारच. गनचा दाब काहीही ठेवा.

कण किती बारीक हवा

‘जितका बारीक तितका चांगला’ हे अर्धसत्य आहे. पांढऱ्या रंगाची झाकण्याची ताकद प्रकाश विखुरण्यावर अवलंबून असते, आणि गोल कणाकडून प्रकाश कसा विखुरतो याचं गणित गुस्टाव मी यांनी १९०८ मध्ये मांडलं. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्या आकाराचा कण सर्वांत जास्त विखुरतो. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉनचा, म्हणून ०.२५ च्या आसपासचा आकडा. त्याहून खूप बारीक केला तर पांढरा रंग पारदर्शक होऊ लागतो. दुसरी अट अपवर्तनांकातल्या फरकाची. रुटाइलचा (टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचा) सुमारे २.७, कण धरून ठेवणाऱ्या बाइंडरचा १.५. कॅल्शियम कार्बोनेटचा १.६ च्या आसपास, म्हणून ते कितीही दळलं तरी बाइंडरमध्ये भिजल्यावर जवळजवळ दिसेनासं होतं.

फ्थॅलो ब्लू किंवा कार्बन ब्लॅकचं काम उलट. ते प्रकाश शोषतात, त्यामुळे जितके सुटे होतील तितका रंग गडद आणि चकचकीत. ब्लॅकचे मूळ कण काही दहा नॅनोमीटरचे. गर्द काळ्या ग्रेडमध्ये तर १५ नॅनोमीटरच्या आसपासचे. लोह ऑक्साइड ५० नॅनोमीटरच्या खाली आणलं की त्याचाच पारदर्शक प्रकार मिळतो, लाकडाच्या पॉलिशला आणि मेटॅलिक रंगांना लागतो तो.

कण लहान झाला की पृष्ठभाग वाढतो, आणि इथेच बरेच फॉर्म्युले फसतात. गोल कण धरला तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग म्हणजे सहा भागिले (घनता गुणिले व्यास). टायटॅनियम डायऑक्साइडची (पुढे नुसतं टायटॅनियम) घनता ४.१ आणि व्यास ०.२५ मायक्रॉन घातल्यावर जवळपास ६ चौरस मीटर येतात. प्रत्यक्षातल्या टायटॅनियमवर ॲल्युमिना-सिलिकाचा लेप असतो, त्यामुळे आकडा १० ते २० पर्यंत जातो. फ्थॅलो ब्लूचा ६० धरा. १०० ग्रॅम ब्लू म्हणजे ६,००० चौरस मीटर. पॉलिमरिक डिस्पर्संटची (कण सुटे ठेवणाऱ्या द्रव्याची) सुरुवात दर चौरस मीटरला २ मिलिग्रॅमने केली तर १२ ग्रॅम लागेल, तेही शुद्ध घटक म्हणून. बाटलीतला माल ४० टक्क्यांचा असेल तर ३० ग्रॅम. टायटॅनियमवर पॉलिॲक्रिलेटसारख्या छोट्या डिस्पर्संटचं प्रमाण यापेक्षा कितीतरी कमी, पिगमेंटच्या वजनावर काही दशांश टक्के. म्हणून ‘डिस्पर्संट १ टक्का’ असं सरसकट लिहिलेल्या फॉर्म्युल्यावर माझा विश्वास नाही. टक्का कशाचा, पिगमेंटचा की रंगाचा, आणि पृष्ठभाग किती, हे लिहिलंच पाहिजे.

हिशेबाने सुरुवात करायची, पण आकडा पक्का करायचा तो प्रयोगाने. सहा-सात छोट्या डब्यांत तोच बेस (पिगमेंटचा घट्ट घोळ) घ्या, डिस्पर्संट थोडं थोडं वाढवत जा आणि व्हिस्कॉसिटी (दाटपणा) मोजा. ती उतरत जाते, तळ गाठते, मग पुन्हा किंचित चढते. तळाच्या जरा पुढचा डोस घ्यावा, कारण साठवणीत थोडं डिस्पर्संट इतर घटकांवर जाऊन बसतं. फार पुढे गेलात तर फेस, पाण्याला कच्ची फिल्म आणि कमजोर चिकटण असा त्रास.

डिसॉल्व्हर

डिसॉल्व्हर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या ब्लेडचं ढवळयंत्र. पाण्यावरच्या पांढऱ्या बेसचं एक प्रमाण घेऊ: पाणी २३० ग्रॅम, ३० टक्क्यांचं पॉलिॲक्रिलेट डिस्पर्संट ८ ग्रॅम, डिफोमर (फेस मारणारा घटक) २ ग्रॅम, टायटॅनियम ७५० ग्रॅम. क्रम हाच. पाणी, मग डिस्पर्संट, मग डिफोमर, आणि ब्लेड हळू फिरत असताना पूड चाळल्यासारखी आत. पीएच ८ ते ९ च्या दरम्यान. पूड आधी आणि डिस्पर्संट नंतर टाकलं तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गोळ्या होतात आणि मग कितीही फिरवा, आतली हवा बाहेर यायला तयार होत नाही. इमल्शन बाइंडर या टप्प्यावर घालायचं नाही. ब्लेडच्या ताणाखाली त्याचे कण एकमेकांत मिसळून चिंगमसारखे तुकडे होतात, आणि तेच पुढे ‘दाणे’ म्हणून गनमध्ये सापडतात.

ब्लेडचा व्यास भांड्याच्या व्यासाच्या एक तृतीयांश, तळापासून उंची ब्लेडच्या अर्ध्या ते एका व्यासाइतकी, कडेचा वेग सेकंदाला १८ ते २५ मीटर. महत्त्वाचा आकडा कडेच्या वेगाचा आहे, आरपीएमचा नाही. ३०० मिलिमीटरचं ब्लेड १४०० आरपीएमला २२ मीटरचा वेग देतं. तोच वेग प्रयोगशाळेतल्या ५० मिलिमीटरच्या ब्लेडला हवा असेल तर ८,४०० आरपीएम लागतात. साधा स्टरर ३,००० वर फिरतो, म्हणजे जेमतेम ८ मीटर. मग लॅबमध्ये ‘हे पिगमेंट सुटत नाही’ असा शेरा पडतो आणि कारखान्यात तेच पिगमेंट वीस मिनिटांत सुटतं.

वेग बरोबर आहे का ते डोळ्यांनी कळतं. माल मध्ये खाली जातो, कडेने वर येतो आणि वरून पाहिलं तर गोल वळ्यासारखा सलग फिरतो. मधल्या खळग्यात ब्लेडची कड जेमतेम दिसते. शिंतोडे उडत असतील तर बेस पातळ आहे, त्यात ताण बसतच नाही, पिगमेंट वाढवा. ब्लेडभोवतीच फिरतो आणि कडेचा माल स्तब्ध असेल तर फार घट्ट. ब्लेड पूर्ण उघडं पडलं तर हवा आत ओढली जाते आणि बेसचं फेसाळ दही होतं. १५ ते ३० मिनिटं पुरतात. दहाव्या मिनिटाला मशीन थांबवून भांड्याची भिंत आणि दांडा खरवडा. तिथे चिकटलेली कोरडी पूड शेवटी बेसमध्ये पडते आणि हेगमनवर (गुठळ्यांचा आकार दाखवणाऱ्या खाचेच्या गेजवर) एकटीदुकटी रेघ ओढून जाते, हा दोष मी तरी सर्वांत जास्त वेळा नोंदवलेला आहे.

बीड मिल

टायटॅनियमला डिसॉल्व्हर बऱ्याचदा पुरतो. ऑरगॅनिक पिगमेंट आणि ब्लॅकला मिल लागतेच. मणी कसे निवडायचे याचं गणित सोपं पण फार बोलकं आहे. एक मिलिमीटरचे मणी एका लिटरच्या ढिगात, ६० टक्के भरण धरलं तर, साडेअकरा लाखांच्या आसपास बसतात. अर्धा मिलिमीटरचे घेतले तर त्याच लिटरमध्ये ९० लाखांच्या वर. आठपट. पण प्रत्येक मण्याचं वजन एक अष्टमांश, म्हणून त्याच वेगात प्रत्येक धडकेची ऊर्जाही एक अष्टमांश. धडकेची तीव्रता मण्याच्या व्यासाच्या घनावर, घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर चालते. गुठळी फुटायला लागेल तेवढा फटका आधी हवा. तेवढा मिळाला की त्यापुढे संख्या कामाला येते. घट्ट गुठळ्यांवर बारीक मणी नुसते चोळत बसतात. सुटायला सोप्या गुठळ्यांवर मोठे मणी ऊर्जा उष्णतेत घालवतात.

यावरून एक ठोकताळा: मिलमध्ये जाणारी सर्वांत मोठी गुठळी मण्याच्या व्यासाच्या दहाव्या भागापेक्षा मोठी नसावी. ०.५ मिलिमीटरचे मणी वापरायचे तर आधी डिसॉल्व्हरने माल ५० मायक्रॉनच्या खाली आणा. आधीचं काम अर्धवट ठेवून मिलवर भिस्त ठेवली की तास वाढतात, वीज वाढते, आणि मोठ्या गुठळ्या तशाच फिरत राहतात.

मणी कक्षाच्या ७० ते ८५ टक्के. कमी भरले तर धडका विरळ, जास्त भरले तर तापतं आणि मणी झिजतात. बाहेरच्या जाळीची फट मण्याच्या व्यासाच्या निम्म्याहून कमी, शक्यतो एक तृतीयांश. यिट्रियाने स्थिर केलेले झिर्कोनिया मणी (घनता ६) महाग पण झीज कमी, काचेचे (२.५) हलके आणि स्वस्त, स्टीलचे (७.८) जोरदार, पण पांढऱ्या रंगात हमखास करडी झाक आणतात. पंपाचा वेग फार वाढवला तर मणी प्रवाहाबरोबर जाळीकडे जाऊन दाटतात: दाब चढतो, मोटरचा आवाज बदलतो, बाहेर येणारा माल गरम लागतो. अशा वेळी वेग कमी करा, बेसची व्हिस्कॉसिटी तपासा. बेस खूप घट्ट असला तरी हेच होतं.

प्रयोगाच्या वहीत ‘मिल तीन तास’ असं लिहिलेलं असेल तर ती नोंद दुसऱ्या मिलसाठी निरुपयोगी. लिहायची ती टनामागे लागलेली ऊर्जा. भरलेल्या मिलचे किलोवॅट वजा रिकाम्या मिलचे किलोवॅट, गुणिले तास, भागिले माल. १८ वजा ३ म्हणजे १५ किलोवॅट, दोन तास, ५०० किलो माल: टनामागे ६० किलोवॅट-तास. ग्लॉस किंवा रंगाची ताकद या आकड्याविरुद्ध मांडली की दोन वेगळ्या मिल्सचे आलेख बऱ्यापैकी जवळ येतात. आणि आलेख सपाट झाला की थांबायचं.

न थांबल्यास काय होतं? टायटॅनियमवरचा लेप सोलला जातो, नवा उघडा पृष्ठभाग तयार होतो, त्याला पुरेल इतकं डिस्पर्संट आत नसतं. व्हिस्कॉसिटी वर चढू लागते आणि सुटे झालेले कण पुन्हा पुंजके करतात. ॲल्युमिनियम फ्लेक आणि मोतीचमक पिगमेंट तर मिलमध्ये जाताच कामा नयेत. पत्र्यासारखे ते तुकडे वाकतात, तुटतात, चमक करडी होते. ते बरोबरीच्या वजनाच्या सॉल्व्हेंटमध्ये भिजत ठेवायचे, मग हळू पात्याने मिसळायचे.

हेगमन काय सांगतो, काय लपवतो

गेजच्या खोल टोकाला रंगाचा थेंब, पट्टी उभी धरून एक-दोन सेकंदांत सलग ओढ, आणि तीन सेकंदांच्या आत वाचन. प्रकाश बाजूने, नजर २० ते ३० अंशांच्या तिरप्या कोनात. तीन मिलिमीटर रुंद पट्ट्यात पाच ते दहा ठिपके जिथे प्रथम दिसतात, ते वाचन; त्याच्या वर भरकटलेला एखादा ठिपका धरायचा नाही. हेगमन आकड्यांत ० म्हणजे १०० मायक्रॉन, ८ म्हणजे शून्य, प्रत्येक आकड्याला १२.५ मायक्रॉन. उशीर केला तर सॉल्व्हेंट उडून पृष्ठभाग खरखरीत होतो आणि बेस आहे त्यापेक्षा वाईट दिसतो.

पण गेज दाखवतो ते फक्त सर्वांत मोठ्या गुठळ्या. फ्थॅलो ब्लू ०.१ मायक्रॉनवर असो की १ मायक्रॉनवर, गेजवर दोन्ही ‘५ मायक्रॉनच्या खाली’. रंगाची ताकद मात्र खूप वेगळी. म्हणून ठरलेल्या पांढऱ्या बेसमध्ये ठरलेलं प्रमाण मिसळून ताकद बघणं आणि २० अंशाचा ग्लॉस घेणं, या दोन चाचण्या हेगमनच्या जोडीला हव्यातच. लेझरने आकार मोजणाऱ्या यंत्रात नमुना खूप पातळ करावा लागतो. तो चुकीच्या द्रवाने पातळ केला तर कण तिथेच पुंजके करतात आणि यंत्र त्या पुंजक्यांचा आकडा दाखवतं. पातळ करायला बेसमधलाच द्रव आणि थोडं डिस्पर्संट घ्या.

लेट-डाउन: सर्वांत दुर्लक्षित दहा मिनिटं

उत्तम दळलेला बेस उरलेल्या रेझिनमध्ये मिसळताना, म्हणजे लेट-डाउनमध्ये, बिघडतो. घट्ट बेसमध्ये एकदम भरपूर सॉल्व्हेंट ओतलं की कणांवर बसलेलं रेझिन आणि डिस्पर्संट सुटून द्रवात जातं आणि उघडे कण एकमेकांना धरतात. म्हणून बेस फिरत असताना आधी थोडं रेझिन, बारीक धारेने. सॉल्व्हेंट सगळ्यात शेवटी. दोन्ही द्रव सारख्या तापमानाचे. गरम बेसवर गार रेझिन ओतणंही तितकंच वाईट.

बिघडलं की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. निळा आणि पांढरा मिसळून केलेल्या फिकट रंगाची ओढ कार्डावर घ्या. थर चिकट होऊ लागला की त्याच्या एका कोपऱ्यात बोटाने गोल गोल, हलक्या हाताने वीस-तीस वेळा चोळा. चोळलेला भाग जास्त निळा झाला तर निळ्याचे पुंजके होते, ते बोटाने सुटले. फिकट झाला तर पांढऱ्याचे. काहीच फरक नाही तर बेस स्थिर. माझ्या मते कोटिंग शाळेच्या पहिल्याच दिवशी शिकवावी अशी ही चाचणी आहे.

याच चाचणीत गनचं कोडंही उलगडतं. एकाच डब्यातला रंग ब्रशने लावला तर एक छटा आणि फवारला तर दुसरी, अशी तक्रार येते तेव्हा गन बोटाचंच काम करत असते. नोझलमधून जाताना रंगावर प्रचंड ताण येतो, पुंजके सुटतात, छटा बदलते. ब्रशने डागडुजी केलेला भाग वेगळा दिसतो तो म्हणून. इथे गनची सेटिंग बदलणं व्यर्थ. डिस्पर्संट आणि लेट-डाउन तपासा.

फोर्ड कपही (तळाला भोक असलेला कप; रंग गळायला लागलेले सेकंद मोजायचे) याच कारणाने फसवतो. पुंजके असलेला रंग कपातून संथ गळतो, २५ सेकंद दाखवतो, आपण थिनर घालून २० वर आणतो. गनमध्ये पुंजके सुटल्यावर तो हवा त्यापेक्षा पातळ झालेला असतो, म्हणून उभ्या पॅनेलवर ओघळ येतात. कपाबरोबर कमी आणि जास्त वेगाला व्हिस्कॉसिटी मोजा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल आणि फॉर्म्युल्यात घट्टपणा देणारा घटक मुद्दाम घातलेला नसेल, तर संशय पुंजक्यांवर. कप वापरताना रंग २५ अंश सेल्सिअसला आणा.

थेंब

हवेच्या गनमध्ये थेंब किती बारीक होतो हे दोन बळांवर ठरतं: हवा त्याला फाडते, पृष्ठताण त्याला गोळा धरून ठेवतो. त्यांचं गुणोत्तर म्हणजे वेबर आकडा, आणि तो साधारण १२ च्या वर गेला की थेंब फुटतो. हवेची घनता १.२, वेग सेकंदाला १०० मीटर, पृष्ठताण मीटरला ०.०३ न्यूटन घातला तर व्यास ३० मायक्रॉन येतो. चांगल्या गनचे थेंब २० ते ५० मायक्रॉनचे असतात, तेव्हा हिशेब जवळ बसतो. व्हिस्कॉसिटी जास्त असली की फुटायला उशीर होतो आणि थेंब जाड राहतात. संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येण्याचं हे पहिलं कारण.

या ३० मायक्रॉनच्या थेंबात पिगमेंटचं आकारमान १० टक्के धरलं तर ०.२५ मायक्रॉनचे पावणेदोन लाख कण मावतात. त्याच थेंबात २० मायक्रॉनची एक गुठळी शिरली तर जवळजवळ ३० टक्के जागा तिनेच व्यापली. असा थेंब पॅनेलवर पसरत नाही, खड्यासारखा बसतो.

वरच्या कोटसाठी नोझल १.३ ते १.४ मिलिमीटर, प्रायमरला १.६ ते १.८. दाब गनच्या दांड्याशी, ट्रिगर दाबलेला असताना, २ ते २.५ बार. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनमध्ये कॅपवरचा दाब ०.७ बारपर्यंतच, जास्त नेलात तर ती एचव्हीएलपी राहत नाही आणि माल धुक्यात उडतो. अंतर १५ ते २० सेंटिमीटर, गन पृष्ठभागाला काटकोनात, मनगट न वळवता हात सरळ सरकवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा.

थराचा हिशेब आधीच करता येतो. मिनिटाला २०० मिलिलिटर माल, त्यातला निम्मा पॅनेलवर बसतो असं धरू, म्हणजे १००. पट्टा २५ सेंटिमीटर, निम्मा चढवल्यामुळे प्रभावी साडेबारा. हात सेकंदाला ४० सेंटिमीटर. मिनिटाला तीन चौरस मीटर, म्हणजे ओला थर ३३ मायक्रॉन. ६० हवा असेल तर दोन हात. हात ३० वर मंदावला की तोच थर ४४, आणि कोपऱ्यावर ओघळ. प्रयोगात फवारणीची तुलना करायची असेल तर हाताऐवजी सरकत्या पट्टीवर बसवलेली गन वापरा. नाहीतर पिगमेंटचा फरक मोजतोय की हाताचा, हे सांगता येणार नाही.

काम सुरू करण्याआधी कागदावर एक स्थिर फवारा मारून आकार बघा. केळ्यासारखा वाकडा किंवा एका बाजूला जड आला तर एअर कॅप अर्धा फेरा फिरवा. जड बाजूही फिरली तर कॅपचं भोक तुंबलंय. तशीच राहिली तर नोझल किंवा सुई. कॅप थिनरमध्ये भिजवा, मऊ ब्रशने घासा, तार घालू नका. गन थुंकल्यासारखी थांबत मारत असेल तर नोझल सैल आहे किंवा सुईचं पॅकिंग सुकलंय.

गन ते पॅनेल या वीस सेंटिमीटरमध्येही सॉल्व्हेंट उडत असतो. फार वेगाने उडणारा घेतला किंवा अंतर वाढवलं तर थेंब अर्धे सुकून पोहोचतात, पृष्ठभाग खरबरीत, मेटॅलिकमध्ये डाग. फार सावकाश उडणारा घेतला तर ओघळ, आणि ओव्हनमध्ये वरची साय बसल्यावर खालून फुटणारे बुडबुडे. कॉम्प्रेसरच्या हवेतला तेलाचा किंवा सिलिकॉनचा अंश मात्र वेगळाच दिसतो: मध्ये खळगा, कडेला उंचवटा. खळगे दिसले तर मिलला दोष देऊ नका, हवेचा फिल्टर बघा.

एअरलेसमध्ये हवेऐवजी १०० ते २५० बारचा दाब रंग फोडतो. टिपवरच्या ५१७ या आकड्यातला ५ म्हणजे ३० सेंटिमीटरवर सुमारे २५ सेंटिमीटरचा पट्टा, १७ म्हणजे इंचाचे सतरा हजारावे भाग, ०.४३ मिलिमीटरचं भोक. ही धार कातडीत घुसते. बाहेरून टाचणीएवढी खूण, पण आत रंग पसरलेला असतो. दुखत नसलं तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं आणि डॉक्टरांना ‘दाबाने रंग आत गेलाय’ असंच सांगायचं. टिप काढण्याआधी दाब शून्य करायचा, याला अपवाद नाही. आयसोसायनेट हार्डनर असलेला रंग फवारताना नळीतून ताजी हवा देणारा मास्क. पूड ओतताना धुळीचा मास्क. सॉल्व्हेंट ओतताना दोन्ही डब्यांना अर्थिंग.

पावडर कोटिंगमध्ये हीच कहाणी कोरडी घडते. मधला आकार ३० ते ४० मायक्रॉन, आणि त्रास देतात ते १० मायक्रॉनच्या खालचे कण: नीट वाहत नाहीत, गनमध्ये गोळा होतात, वारंवार परत वापरलेल्या पावडरीत साठत जातात. खाचांमध्ये पावडर शिरत नसेल तर पावडरीला विद्युतभार देणारं व्होल्टेज वाढवायचं नाही, कमी करायचं.

शेवटी डब्यातला रंग. गाळ बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर चालतो. १०० मिलिपास्कल-सेकंदाच्या साध्या द्रवात १० मायक्रॉनची टायटॅनियमची गुठळी दिवसाला १४-१५ सेंटिमीटर खाली जाते, १ मायक्रॉनची दीड मिलिमीटर. तेव्हा फवारणीआधी तळ खरवडून ढवळा, फेस बसायला पंधरा मिनिटं द्या आणि १२५ मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळा. जाळीवर उरलेलं टाकून देऊ नका. दोन बोटांत थिनरच्या थेंबाबरोबर चोळा. चुरडून गडद रंग सोडला तर ते न सुटलेलं पिगमेंट, मिलकडे परत जा. रबरासारखं ताणलं तर रेझिनची साय किंवा तुटलेलं इमल्शन. आणि बोटांना वाळूसारखं टोचलं तर मण्यांचे तुकडे. आजच मिल उघडा आणि जाळी तपासा.